आंबाबागेत राखणीला येणाऱ्या नेपाळी कुटुंबांच्या जीवनकथा कशा जपाव्यात?

देवगडजवळ तुमची कलमांची बाग आहे, दरवर्षी नेपाळहून एक कुटुंब राखणीला येतं आणि त्यांची कहाणी नोंदवून ठेवायची आहे, असं तुम्ही लिहिलंय. जरूर नोंदवा. मी रत्नागिरीच्या बागांमधल्या आणि मिरकरवाडा बंदरातल्या मासेमारी बोटींवरच्या नेपाळी माणसांची अशी रेकॉर्डिंग करतो, त्यावरून सांगतो.

खरी अडचण ही की तुम्ही मालक आहात. मालकासमोर माणूस "सब ठीक है" म्हणून मोकळा होतो. उचल का घ्यावी लागली, घरी कोण आजारी आहे, हे तुमच्यासमोर निघणार नाही. प्रश्न विचारायला दुसरं कुणी बसवा, कॉलेजात जाणारी भाची किंवा शाळेतल्या बाई, आणि तुम्ही त्या वेळी बागेत थांबू नका. नकार दिला तरी कामाला आणि पैशाला धक्का लागणार नाही, हे मात्र आधी तुम्हीच सांगा. हिशेबाच्या दिवशी विषय काढू नका.

डोटी, अछाम, बाजुरा या पश्चिम नेपाळातल्या जिल्ह्यांतून आलेल्यांची घरची बोली निराळी असते, हिंदी कामापुरती. त्यांना आपल्या बोलीत बोलू द्या, अर्थ नंतर लावून घेता येतो. त्यांचं पोर जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन छान मराठी बोलत असेल, पण त्याला दुभाषी करू नका. कर्जाची किंवा गेलेल्या बाळाची गोष्ट कुठलीच आई लेकराच्या तोंडून सांगणार नाही.

"गाव का सोडलं?" विचारलंत की गरिबी एवढंच उत्तर मिळेल. वाट विचारा. सीमा कुठे ओलांडली, बनबसाला की गौरीफंट्याला, सोबत कोण होतं, पिशवीत काय होतं, समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा काय वाटलं. 1950 च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना यायला व्हिसा लागत नाही, त्यामुळे या प्रवासाचा कागद फारसा उरत नाही. तो आठवणीतच असतो. 1996 ते 2006 मधल्या माओवादी संघर्षाचा विषय आपण काढू नये. त्यांनी काढला तर मध्ये न बोलता ऐकावं. आणि आधी आपल्या घरचं सांगावं: गिरणीत गेलेले आजोबा, मनीऑर्डरची वाट पाहणारी आजी. कोकणातली कितीतरी घरं अशीच जगली, पण त्या चाकरमान्यांचा आवाज आज आपल्याकडे नाही, याची मला फार खंत आहे.

फळ धरल्यावर आणि तोड सुरू व्हायच्या आधी दुपारी जरा उसंत असते, तेव्हा बसा. खलाशांशी बोलायचं तर 1 जूनला मासेमारी बंद व्हायच्या आत. मग बरेच जण गावी जातात.

मूळ फाइल काटछाट न करता ठेवा, एक प्रत दुसऱ्या घरी हार्ड डिस्कवर. कुटुंबाची प्रत मेअखेर ते निघायच्या आधी त्यांच्या फोनमध्ये टाकून द्या, कारण पुढच्या हंगामात तेच येतील असं नाही. कुठे प्रसिद्ध करायचं असेल तर लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा आणि पुन्हा परवानगी विचारा. पत्रकार पी. साईनाथ यांनी 2014 मध्ये सुरू केलेल्या 'पारी' या वेबसाइटवर ग्रामीण माणसांच्या अशा कहाण्या मराठीतही वाचायला मिळतात, त्या आधी पाहून घ्या. नाव बदला म्हणाले तर गावाचं आणि बागेचंही बदला, नाहीतर आपल्याकडे माणूस लगेच ओळखू येतो.