यकृत नवं, आतडं जुनंच

यकृत प्रत्यारोपणानंतरचा पहिला महिना पार पडला, अभिनंदन! प्रश्न ढीगभर असतील, पण सध्या एवढंच सांभाळा.

टॅक्रोलिमस (शरीरानं नवं यकृत नाकारू नये म्हणूनची गोळी) बारा-बारा तासांनी, ठरल्या वेळेलाच. रक्तातली त्याची पातळी तपासायच्या दिवशी मात्र रक्त देईपर्यंत सकाळची गोळी घ्यायची नाही. नवखे हमखास इथेच चुकतात: गोळी घेऊन लॅबमध्ये जातात आणि आकडा फुगलेला येतो. गोळी सोबत न्या, रक्त दिलं की घ्या.

- पपनस, ग्रेपफ्रूट बंद. गुळवेलीचा काढाही, मग तो मावशीनं कितीही प्रेमानं आणलेला असो.
- अंगदुखीला आयब्युप्रोफेन नको. टॅक्रोलिमसचा ताण मूत्रपिंडावर आधीच असतो.
- ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला की रात्र असली तरी ट्रान्सप्लांट टीमला फोन.

आणि सगळे विसरतात ती गोष्ट. पीएससीनं (पित्तनलिका आकसवणाऱ्या आजारानं) खराब झालेलं यकृत बदललं, पण त्याच्या जोडीचा अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याचा दाह) आहे तिथंच आहे. पोट शांत असलं तरी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका राहतो, म्हणून दरवर्षी कोलोनोस्कोपी. लिव्हरचे आणि पोटाचे डॉक्टर वेगळे असतील, तर तारीख तुम्हीच विचारून घ्या.

पीएससी परत येईल का, लसी कोणत्या, प्रवास कधी, हे सगळं पुढं बोलू.