ट्रेलरच्या छताला सुटलेलं पोट आणि ‘कंडेन्सेशन आहे हो’ हे उत्तर

तुमच्या पोस्टमधल्या तीन गोष्टींवरूनच दुखणं ओळखीचं वाटलं: २०११ चा २४ फुटी सेकंडहँड ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं फिरतं घर), पुढच्या बेडवरचं छत दोन इंच खाली आलेलं, आणि सर्व्हिस काउंटरवरच्या माणसाचं म्हणणं, ‘गळती नाही, कंडेन्सेशन आहे, ग्लू लावून चार स्क्रू मारा.’ तुमचा प्रश्न ग्लू कोणता घ्यावा एवढाच आहे. ग्लूचं सांगतो, पण बरंच खाली. आधी तो सल्ला बाजूला ठेवा.

कंडेन्सेशनने, म्हणजे आतल्या वाफेचं पाणी होऊन, छताला असं पोट सुटत नाही. थंडीत बंद ट्रेलरमध्ये चार माणसं झोपली, स्टोव्हवर दोन वेळचं शिजलं, की आत ओल धरतेच. एक पौंड प्रोपेन जळला की साधारण १.६ पौंड पाण्याची वाफ होते. ट्रेलरच्या फर्नेसचा धूर बाहेर जातो, स्टोव्हचा आणि बिनचिमणीच्या हीटरचा आतच राहतो. पण ती ओल पसरट असते. वाशांच्या रेषेत, कपाटांच्या आत, गादीखाली, खिडकीच्या चौकटीत बारीक काळे ठिपके दिसतात. एकाच जागी दोन इंच पोट आणि कडेला चहाच्या डागासारखी तपकिरी किनार, हे पाणी वरून आलेलं आहे.

तळहाताने हलकेच दाबून बघा. आतली पाटी कडक लागली, वर जाऊन वाशाला टेकली आणि सोडल्यावर परत खाली आली, तर फक्त स्टेपल सुटलेत; हे सगळ्यात स्वस्तातलं. नुसतं कापड हलतंय, पाटी जागेवर आहे आणि बोटाला पिवळा भुगा लागतोय, तर कापडामागचा फोम मेलाय. आणि दाबल्यावर बोट रुततंय, ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतंय, तर पाटीचा लुआन, म्हणजे पातळ हलका प्लाय, कुजलाय. तुमचा फोटो पाहून मला तिसरं वाटतं. फोटोवरून सांगतोय, चूक असू शकते.

आता ज्या चुकीचं बिल मी भरलंय तिच्यापाशी जरा रेंगाळतो: ओलं छत वर दाबून बंद करणं.

ट्रेलरच्या छताची रचना डोळ्यांसमोर आणा. सगळ्यात वर रबराचं किंवा टीपीओ नावाच्या प्लास्टिकचं आवरण, त्याखाली डेकिंग म्हणजे पातळ फळ्यांचा थर, मग वासे आणि त्यांच्या मध्ये थंडी-ऊन अडवणारं फायबरग्लास, आणि शेवटी आतून दिसणारी तीनेक मिलिमीटरची लुआनची पाटी, जिच्यावर विनाइलचा कागद चिकटवलेला असतो. म्हणजे पाणी वरूनही निघत नाही आणि खालूनही निघत नाही. ओला पाव प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उन्हात ठेवल्यावर जे होतं तेच इथे होतं. छत लोंबत असतं तेव्हा निदान सांध्यांतून थोडी हवा खेळते. तुम्ही ते ग्लू लावून घट्ट बसवलंत की तेवढीही वाट बंद. खालून छान सपाट दिसतं, आणि आत वासा कुजत राहतो. काही महिन्यांत स्क्रूची डोकी पाटीतून आरपार निघतात, कारण भिजून फुगलेल्या लुआनमध्ये स्क्रू धरतच नाही, चहात बुडवलेल्या बिस्किटात टाचणी धरावी तसं. मग जे काम एका पाटीचं होतं त्यात दोन वासे, वरचं डेकिंग आणि फायबरग्लास असं सगळं येतं, आणि डेकिंग काढायचं म्हणजे वरचं रबरसुद्धा उचलावं लागतं.

काउंटरवाल्यांनी ‘मीटर लावून पाहिलं, कोरडं आहे’ असंही सांगितलं असेल. ओल मोजायचं कोणतं मीटर आणि कुठे लावलं, ते विचारा. बिनपिनांचं मीटर धातूजवळ फसतं. वासे ॲल्युमिनियमचे असतील तर त्याच्या आकड्याला अर्थ नाही. दोन पिनांचं साधं मीटर होम डेपोत ३०-४० डॉलरला मिळतं. सांध्यावरची प्लास्टिकची पट्टी खाली ओढा आणि तिच्या मागे पिना टोचा, म्हणजे भोकं नंतर पट्टीखाली झाकली जातील. पोटाच्या आसपास दर फुटावर रीडिंग घ्या आणि पेंटरच्या टेपवर आकडा लिहून तिथेच चिकटवा. स्टेपलला पिन लागली तर आकडा उगाच चढतो, अर्धा इंच सरकून परत घ्या. १५ टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. २० च्या वर असेल तर तिथे अजून ग्लूचा डबा उघडायचा नाही. सर्व्हिसवाल्यांच्या ऑफिसशी बोलायचंच असेल तर ‘कुठल्या बिंदूला किती टक्के, हे लेखी द्या’ एवढंच म्हणा. त्यावर आवाजाची पट्टी बदलते. विम्याचं म्हणाल तर हळूहळू झालेली गळती बहुतेक पॉलिसी वगळतात, पण तुमची पॉलिसी तुम्ही वाचा, मी काही त्यातला जाणकार नाही.

ते टेपवरचे आकडे फेकू नका. ते ज्या बाजूला चढत जातात त्या बाजूला पाणी शिरतंय. पोटाच्या बरोबर वर चढून डबाभर सीलंट ओतणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पाणी वाशावरून, वायरीवरून, एसीच्या डक्टवरून सहा-आठ फूट प्रवास करतं आणि सखल जागी थांबतं. पुढच्या बेडवर पोट असेल तर माझा संशय या क्रमाने: पुढच्या कॅपचा (ट्रेलरच्या समोरच्या साच्यातल्या भागाचा) आणि छताचा सांधा, ट्रेलरच्या कपाळावरचे छोटे पिवळे दिवे, छतातल्या १४ इंची व्हेंटची (हवेच्या झरोक्याची) चौकट, आणि मग एसीचं गॅस्केट. एसीचं गॅस्केट आतून चार बोल्ट आवळून साधारण अर्ध्या इंचापर्यंत दबलेलं असावं. बोल्ट ढिले निघाले तर आधी तेच आवळा, पण बेताने.

सापडत नसेल तर एक युक्ती. सगळ्या खिडक्या बंद करा, स्टोव्हवरचा एक्झॉस्ट आणि बाकीचे व्हेंट प्लास्टिक-टेपने बंद करा, गॅस बंद करा, आणि एका व्हेंटमधून पंख्याने किंवा लीफ ब्लोअरने हलक्या वेगात हवा आत भरा. वर जाऊन सांध्यांवर साबणाचं पाणी शिंपडा. जिथे बुडबुडे, तिथे भोक. छतावर चढताना प्लायचा दोन बाय चार फुटी तुकडा पायाखाली घ्या. मऊ डेकिंगवर सरळ पाय दिलात तर नवं काम काढाल.

सीलंटबाबत मी हट्टी आहे. सिलिकॉन नको. दुकानातला मुलगा ‘ऑल पर्पज’ म्हणून देईल, तरी नको. रबरावर ते नीट टिकत नाही, आणि त्याचा थर एकदा बसला की पुढे त्यावर दुसरं काहीच चिकटत नाही. चौकटीखाली ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी), सपाट जागी डायकॉर कंपनीचं सेल्फ-लेव्हलिंग म्हणजे आपोआप पसरणारं सीलंट, उभ्या सांध्याला त्याचंच न ओघळणारं. वरचं आवरण ईपीडीएम, म्हणजे रबराचं असेल तर पेट्रोलियमवाले क्लीनर लावू नका, रबर फुगतं. साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा, मग अल्कोहोलने पुसा.

गळती थांबली, मोठा पाऊस किंवा होजपाइपची अर्ध्या तासाची धार झेलून आकडा चढला नाही, की मग उघडायचं. मेन पॉवरची केबल काढा आणि बॅटरीही सोडा, दोन्ही. छतात १२ व्होल्टच्या आणि १२० व्होल्टच्या वायरी शेजारी शेजारी असतात. दिवे आणि व्हेंटची आतली चौकट काढा. पाटी वाशाच्या मध्यरेषेवर कापा, पातं तीन मिलिमीटरच्या पुढे जाऊ देऊ नका. भिजलेलं फायबरग्लास सरळ फेका, ते वाळवून परत वापरण्यात अर्थ नाही. एन-९५ मास्क लावा. डिह्युमिडिफायर आणि पंखा लावून ठेवा. एक आठवडा लागेल किंवा तीन लागतील, मीटर सांगेल. वाशात पेचकस अर्ध्या इंचाहून जास्त रुतत असेल तर शेजारी नवी पट्टी जोडा, नुसता रुतल्यासारखा वाटत असेल तर बोरेटचं (बुरशी मारणाऱ्या क्षाराचं) पाणी मारून वाळवा. ब्लीचने लाकडाचा रंग उतरतो, आतली बुरशी तशीच राहते.

आता ग्लू. कापलेल्या कडांना धरायला काहीतरी हवं, म्हणून वाशांच्या दोन्ही अंगांना एक बाय दोन इंची लाकडी पट्ट्या आधी स्क्रू करा. नवी पाटी लुआनचीच घ्या, जाड प्लाय नको, वजन वाढतं. सगळ्या कडांनी एक अष्टमांश इंच मोकळी ठेवून कापा, ट्रेलर रस्त्यावर पिळवटतो तेव्हा ती जागा लागते. वाशांवर पॉलीयुरेथेन कन्स्ट्रक्शन ॲडहेसिव्हची नागमोडी रेघ ओढा. तुमच्या ट्रेलरमध्ये वाशांच्या मध्ये थर्माकोलसारखा पांढरा फोम निघाला तर डब्यावर फोमला चालतो असं लिहिलेलंच घ्या. सॉल्व्हंटवाला ग्लू तो फोम विरघळवतो. इंग्रजी टी-आकाराचे दोन टेकू करून पाटी वर धरा, एकट्याने करू नका. स्क्रू रुंद चपट्या डोक्याचे, वाशाच्या रेषेत दर सहा ते आठ इंचांवर. लांबी १ ते १¼ इंच. भिंतीकडे वासा निमुळता होत जातो, तिथे १ इंचच. वासा सापडला नाही म्हणून अंदाजाने स्क्रू मारू नका. वर वायरी आहेत. टेकू चोवीस तास राहू द्या.

तुमचं छत कापडी असेल, म्हणजे दाबल्यावर गादीसारखं लागणारं, तर रीत वेगळी. जुना फोम नायलॉनच्या ब्रशने पूर्ण घासून व्हॅक्यूम करा, पाटी हाताला गुळगुळीत लागेपर्यंत. भुग्यावर मारलेला ग्लू भुग्यालाच धरतो, छताला नाही. स्प्रे ग्लू हेडलायनरसाठीचा (गाडीच्या छताच्या कापडासाठीचा), जास्त उष्णता सोसणारा घ्या. उन्हात बंद ट्रेलरचं छत इतकं तापतं की साधा स्प्रे सुटतोच. दोन्ही बाजूंना मारा, बोटाला चिकट लागेल पण ओला लागणार नाही तोवर थांबा, मग मधून कडांकडे हाताने फिरवत न्या, रोलरने दाबू नका. कापड ६० इंच रुंद येतं आणि ट्रेलर आठ फुटी, म्हणून ते आडवं लावा आणि जोड वाशावर आणून पट्टीखाली लपवा. खिडक्या उघड्या, गॅस बंद. स्प्रेच्या वासाने गॅस डिटेक्टर बोंबलतो, घाबरू नका. त्याची वायर कापू मात्र नका, काहीजण कापतात आणि परत जोडायचं विसरतात.

टेपवरच्या आकड्यांचा एक फोटो आणि वासे लाकडी की ॲल्युमिनियमचे, एवढं इथे टाका. ॲल्युमिनियमचे असतील तर स्क्रू बदलतील, सेल्फ-ड्रिलिंग, म्हणजे स्वतःच भोक पाडणारे लागतील, आणि पट्ट्यांचं गणितही वेगळं होईल.