घरकुल योजनेच्या कागदपत्राबद्दल मंत्र्यांनी लोकसभेत चुकीची माहिती दिली, तर हक्कभंग होतो का?

नुसती माहिती चुकली म्हणून हक्कभंग, म्हणजे सभागृहाच्या विशेषाधिकाराचा भंग, होत नाही. मंत्र्यांनी जाणूनबुजून सभागृहाची दिशाभूल केली, हे दाखवावं लागतं. खरी अडचण इथेच आहे. मंजूर घरांचा आकडा फाइलमध्ये एक आणि उत्तरात दुसरा, एवढ्याने हेतू सिद्ध होत नाही. उत्तर देण्याआधी ती फाइल मंत्र्यांच्या नजरेखालून गेली होती, हे सही-शेऱ्यावरून दिसलं तर मात्र आरोपात दम येतो. हेतू सिद्ध करणं असं अवघड, म्हणून बहुतेक प्रकरणं मंत्र्यांनी सभागृहात दुरुस्ती केली की तिथेच मिटतात. अध्यक्षांच्या निर्देश ११५ नुसार खासदाराला अशी चूक निदर्शनास आणता येते, आणि माझ्या मते आधी तोच रस्ता धरावा.

हक्कभंगच आणायचा असेल तर लोकसभेच्या नियम २२२ प्रमाणे अध्यक्षांची संमती हवी. आरोप कागदपत्रावर आधारलेला असेल तर नोटिशीसोबत तो कागद जोडावाच लागतो. वर्तमानपत्राचं कात्रण फडकावून भागत नाही. एक लक्षात ठेवा: राज्यघटनेच्या कलम १०५ चं संरक्षण खासदाराच्या सभागृहातल्या किंवा त्याच्या समितीतल्या बोलण्याला आहे, बाहेरच्या बोलण्याला नाही. हाच आरोप बाहेर पत्रकार परिषदेत केला, तर अब्रुनुकसानीचा दावा होऊ शकतो.