‘हो’ म्हणजे नक्की काय? अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्याच्या मतपत्रिकेविषयी प्रश्नोत्तरे

नागरिकांनी सह्या गोळा करून थेट मतदानाला आणलेल्या राज्यस्तरीय प्रस्तावाचा मतपत्रिकेवरचा मथळा आणि सारांश कोण लिहितं?

अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे राज्याचा मुख्य कायदा अधिकारी. प्रस्ताव मांडणाऱ्यांच्या हातात ते नसतं. मथळा १५ शब्दांचा, ‘हो’ मताचा परिणाम २५, ‘नाही’ मताचा २५ आणि सारांश १२५. याहून एक शब्दही जास्त चालत नाही. खरी ओढाताण मथळ्यात होते. तिथे ‘न्याय्य’, ‘सुरक्षित’ असले प्रचारी शब्द आधी काढावेत. त्यांतून माहिती मिळत नाही, मत मात्र झुकतं.

‘नाही’च्या ओळीत ‘सध्याचा कायदा कायम’ एवढं पुरेसं नाही का?

नाही. सध्याचा कायदा काय आहे हे मतदाराला ठाऊक असेलच असं नाही. समजा, भाडेवाढीची मर्यादा उठवण्याचा प्रस्ताव आहे. ‘हो’ची ओळ सोपी: ‘भाडेवाढीवरची राज्याची मर्यादा रद्द.’ मग ‘नाही’ची ओळ अशी हवी: ‘सध्याचा कायदा कायम, १५ वर्षांहून जुन्या बहुतेक घरांची वार्षिक भाडेवाढ १० टक्के किंवा महागाई दर अधिक ७ टक्के, यांतील कमी आकड्यापुरती.’ आता भाडेकरूला कळतं की आपल्याला काय गमवायचं आहे. दोन्ही ओळींची मांडणी शक्य तितकी सारखी ठेवावी, असं कायदाच सांगतो.

कायदा रद्द व्हावा म्हणून सही केली. मग मत ‘हो’ द्यायचं ना?

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. विधिमंडळाने केलेला कायदा सह्यांच्या जोरावर मतदानाला आणला, तर ‘हो’ म्हणजे कायदा मंजूर आणि ‘नाही’ म्हणजे रद्द. जानेवारी २०१८ मधल्या प्रस्ताव क्रमांक १०१ मध्ये हेच होतं: आरोग्यसेवेसाठीच्या आकारणीविरुद्ध सह्या करणाऱ्यांना मत ‘नाही’ द्यायचं होतं. आपल्याकडे दारूचं दुकान बंद करायच्या मतदानात उभी बाटली आणि आडवी बाटली असते. तिथे परिणामच डोळ्यांसमोर असतो, म्हणून ‘हो’चा अर्थ लावत बसावं लागत नाही. शब्दांनी हेच साधायचं, तर ‘हो’च्या ओळीचं क्रियापद ‘मंजूर होईल’ किंवा ‘रद्द होईल’ असं थेट हवं.

अ‍ॅटर्नी जनरलने लिहिलेला मथळा-सारांशाचा मसुदा दिशाभूल करणारा वाटला तर?

मसुदा आल्यावर कामकाजाच्या १० दिवसांत लेखी हरकत नोंदवा. अंतिम मजकूर आल्यावरही तो पटला नाही, तर कामकाजाच्या १० दिवसांत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जाता येतं. पण आधी हरकत घेतलेल्यालाच, आणि सहसा त्याच मुद्द्यांवर. म्हणून ‘पक्षपाती आहे’ एवढंच लिहू नका. कोणता शब्द, कोणत्या ओळीतला, त्यामुळे काय चुकीचं समजतं आणि त्याजागी कोणता शब्द मर्यादेत बसतो, हे मोजून लिहा.