बारा दिवस युरोप आणि अकरा किलोंची काळजी

एप्रिल लागला की सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो आणि माझ्याकडच्या पत्रांत पासपोर्ट दिसायला लागतो. यंदा एकाच आठवड्यात तीन पत्रं आली, तिन्हीत विचारलंय तेच, की एवढं कष्टानं उतरवलेलं वजन परदेशात जाऊन परत घेऊन यायचं का. पहिल्या पत्राला जास्त जागा दिलीय, कारण त्यातलं घर आपल्यातल्या निम्म्या जणांना ओळखीचं वाटेल.

प्रश्न: ताई, माझं वय ५४. दीड वर्षापूर्वी ७८ किलो होते, आता ६७ आहे. थायरॉइडची गोळी चालू आहे. रोज सकाळी कंबर तलावाकडे चालून येते, दुपारी एक भाकरी, भाजी, आमटी, आणि रात्री आठच्या आत जेवण, एवढंच केलं, बाकी काही नाही. आता मे महिन्यात ग्रुप टूरनं पॅरिस, स्वित्झर्लंड, इटली असे बारा दिवस जातोय. मिस्टर म्हणतात पैसे भरलेत, पथ्यबिथ्य घरी ठेवून ये. जाऊबाई सोबत आहेत, त्यांनी आत्तापासून लाडू, चकल्या, शंकरपाळ्यांची यादी केलीय. मला तिकडच्या चीज, ब्रेड, चॉकलेटची भीती वाटते. काय न्यावं, काय खावं, चालणं कसं सांभाळावं? परत आल्यावर काट्यावर उभं राहायची हिंमत होईल असं काहीतरी सांगा.
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: ताई, अकरा किलो दीड वर्षात, तेही भाकरी न सोडता, याला म्हणतात व्यवस्थित काम. तुमची भीती मात्र चुकीच्या ठिकाणी आहे असं मला वाटतं. चीज आणि चॉकलेटनं तुमचं फार काही बिघडणार नाही, बिघडवेल तो जाऊबाईंचा डबा.

गंमत नाही करत. आपल्याकडची ग्रुप टूर कशी असते बघा. सकाळी हॉटेलात पोटभर नाश्ता, बस सुटून अर्धा तास होत नाही तोवर मागच्या सीटवरून चिवड्याचं पाकीट पुढे येतं, मग कुणाची तरी बाकरवडी, मग लाडू, दुपारी भारतीय हॉटेलात पनीर, नान, जिरा राईस, गुलाबजाम, परत बस, परत डबा, आणि रात्री पुन्हा तेच पनीर दुसऱ्या नावानं. स्वित्झर्लंडमध्ये युंगफ्राऊयोख स्टेशनला ३,४५४ मीटर उंचीवर बर्फात उभं राहूनसुद्धा आपल्या लोकांना भारतीय जेवण मिळतं. त्यामुळे बारा दिवस युरोपात राहूनही माणूस युरोपचं फारसं काही खातच नाही, बसून बसून आपलंच खातो. बेसनाचा एक बऱ्यापैकी मोठा लाडू दोनशे कॅलरीच्या आसपास जातो, तो बसमध्ये गप्पांच्या नादात कधी संपला कळत नाही, आणि नाही म्हटलं तर जाऊबाईंना राग. तेव्हा राग यायच्या आधीच जबाबदारी वाटून घ्या, म्हणा तुम्ही गोड आणा, मी तिखट आणते.

तिखटात काय न्यायचं तर कडक भाकरी. आपल्या सोलापूरची कडक ज्वारीची भाकरी प्रवासासाठीच केलेली असावी असं मला नेहमी वाटतं, कितीतरी दिवस टिकते, मोडली तरी चालते. दोन पाकिटं घ्या, बरोबर शेंगाचटणी (चमच्यानं मोजून हो, शेंगदाण्याचं तेल विसरू नका, एक मोठा चमचा म्हणजे ऐंशी-नव्वद कॅलरी सहज), आणि अर्धा किलो फुटाणे. तूप, पेढे, खवा मात्र नेऊ नका. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाच्या सामानात आणायला बंदी आहे, स्वित्झर्लंडमध्येही आपल्यासारख्या देशांतून आणायला नाहीच. कस्टमवाल्यांनी डबा काढून घेतला तर जाऊबाई तुम्हालाच बोलतील.

आता टूर सुरू कुठून होते तेही बघा. पॅरिसहून नाही होत, सोलापूर स्टेशनवरून होते. गाडीत डबा, मुंबईत नातेवाईकांकडे जेवण, एअरपोर्टवर टूरवाल्यांचं स्नॅक्सचं पाकीट, विमान रात्री दोन-तीनला सुटलं तर पहाटे साडेतीनला ट्रे समोर येतो आणि तिकिटात आहे म्हणून आपण खातो. पहाटे साडेतीनला तुम्ही घरी कधी जेवलात का? डोळे मिटून झोपा, एअर होस्टेस उठवणार नाही. उतरायच्या आधीचा नाश्ता घ्या. विमानातली हवा फार कोरडी असते म्हणून पाणी मागून मागून प्या, आणि दर तासा-दीड तासानं उठून टॉयलेटपर्यंत चक्कर मारून या, पायांसाठी म्हणून. मे महिन्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं, त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस तिथल्या दुपारी चारला तुमच्या पोटाला रात्रीच्या जेवणाची वेळ झाल्यासारखी वाटेल. तेव्हा फुटाणे आणि एक सफरचंद.

हॉटेलचा नाश्ता हा तुमचा दिवसाचा सगळ्यात चांगला मौका. तिथं उकडलेली अंडी, साधं दही, फळं, कुठे कुठे काकडी-टोमॅटो असतं. अंडी खात असाल तर दोन घ्या, नाहीतर दह्याची मोठी वाटी आणि मूठभर बदाम-अक्रोड. हे ताटात आधी घ्यायचं, मग ब्रेडकडे बघायचं. ज्यूसचा ग्लास सोडून द्या, फळ खा. आणि क्रॉसाँ? पॅरिसमध्ये बेकरीतून एक ताजा गरम घेऊन रस्त्यावर उभं राहून खा, मनापासून खा, लोण्यानं बोटं तेलकट होऊ द्या. बाकीच्या दहा सकाळी हॉटेलातला पाकिटातला गार क्रॉसाँ कशाला हो खायचा? तसंच इटलीत जिलाटो, म्हणजे तिकडचं आइस्क्रीम, छोट्या कपात, स्वित्झर्लंडमध्ये चॉकलेटच्या दोन वड्या. ज्या गावाची जी गोष्ट ती त्या गावात एकदा, असा हिशोब ठेवा म्हणजे मिस्टरांचे पैसेही वसूल.

चॉकलेटवरून आठवलं, मी पहिल्यांदा भावाकडे जर्मनीला गेले तेव्हा दुकानात चॉकलेटच्या मागे २२५० असा आकडा वाचून हातातलं पाकीट खाली ठेवून दिलं होतं, मला वाटलं शंभर ग्रॅममध्ये दोन हजार कॅलरी! ते किलोज्यूल असतात. तिकडे प्रत्येक पाकिटावर दोन्ही आकडे छापलेले असतात, आपल्याला केसीएएल लिहिलेला बघायचा, किलोज्यूलला साधारण ४.२ नं भागलं की तोच येतो. २२५० म्हणजे ५४० च्या आसपास. कमी नाहीच, पण जीव जाण्यासारखंही नाही.

पाण्याबद्दल एक गोष्ट, जी टूरवाले सांगत नाहीत आणि बायका मोठ्यानं बोलत नाहीत. युरोपात सार्वजनिक टॉयलेटला बऱ्याच ठिकाणी पैसे लागतात, पन्नास सेंट, एक युरो, कुठे जास्त, आणि ते लवकर सापडतही नाही, म्हणून आपल्या बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत. मग तहान लागते ती भुकेसारखी वाटते, हात डब्यात जातो, आणि मैदा-पनीरवर पाणी नाही म्हटल्यावर चौथ्या दिवशी पोट साफ होत नाही, सगळी टूर कुरकुर. सुट्टी नाणी वेगळ्या पाकिटात ठेवा, ती टॉयलेटसाठीच. बाटली विकत घ्यायची गरज नाही, या तिन्ही देशांत नळाचं पाणी पितात, रोममध्ये तर रस्त्यारस्त्यावर चोवीस तास वाहणारे पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत. इसबगोल बरोबर असू द्या.

चालण्याची काळजी करू नका. बस जवळपर्यंत नेते हे खरं, पण व्हेनिस, फ्लॉरेन्ससारख्या ठिकाणी चालल्याशिवाय काही दिसतच नाही, दहा-बारा हजार पावलं होऊन जातात. ज्या दिवशी नुसता बसप्रवास असेल त्या दिवशी रात्री जेवणानंतर हॉटेलच्या आसपास दोघांनी वीस मिनिटं फिरून या, मे महिन्यात तिकडे रात्री नऊपर्यंत उजेड असतो. नवीन बूट मात्र आत्ताच घ्या आणि कंबर तलावाकडे घालून महिनाभर चाला, पॅरिसमध्ये पायाला फोड आला तर तिथंच चालणं संपलं.

थायरॉइडची गोळी हँडबॅगेत, चिठ्ठीसकट. तिथं पोचल्यावर तिथल्या सकाळी उपाशीपोटी, नाश्त्याच्या आणि कॉफीच्या अर्धा-एक तास आधी. हे औषध शरीरात बरेच दिवस राहतं, साडेतीन तासांच्या फरकानं घाबरायचं कारण नाही. आणखी काही गोळ्या असतील तर निघायच्या आधी डॉक्टरांना एकदा विचाराच.

आता काटा. परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यावर उभं राहू नका. लांबचा प्रवास, हॉटेलातलं मीठ, जास्त झालेला भात-मैदा यानं शरीर पाणी धरून ठेवतं, दीड-दोन किलो जास्त दिसू शकतं आणि ते घरचं जेवण सुरू झालं की चार-पाच दिवसांत उतरतं. एक किलो चरबी वाढायला साधारण ७,७०० कॅलरी जादा लागतात. म्हणजे तीन किलो खरंच वाढायला २३,१०० जादा, बारा दिवसांत रोज एकोणीसशे, तेही रोजच्या गरजेच्या वर. तुमच्याकडून एवढं खाणं होणार नाही, जाऊबाईंनी कितीही आग्रह केला तरी. बारा दिवसांत वजन कमी करायचं मनातसुद्धा आणू नका. ६७ गेलात, ६८ आलात, तर मी पास म्हणेन.

प्रश्न: मी टॉवेलच्या धंद्यात आहे. जानेवारीत फ्रँकफर्टला हाइमटेक्स्टिल प्रदर्शनाला जातो. डायट चालू होतं, पण यंदा जाऊन आलो आणि महिनाअखेरीला वजन केलं तर चार किलो जास्त. शाकाहारी आहे, बिअर घेतो. दिवसभर स्टॉलवर उभा, रात्री कस्टमरबरोबर जेवण. कोशिंबीर मागवली तर पार्टनर सगळ्यांसमोर म्हणतो, काय बे, एवढं लांब येऊन गवत खाऊलालास? पुढच्या वर्षी काय करू?
— एमआयडीसी, अक्कलकोट रोड

उत्तर: महिनाअखेरीला वजन केलंत ना? मग सगळं फ्रँकफर्टच्या माथी मारू नका. जानेवारीत परत आलात म्हणजे भोगी, संक्रांत, गड्डा म्हणजे आपली सिद्धेश्वराची जत्रा, तिळाच्या पोळ्या, शेंगापोळ्या, आणि गड्ड्यावरची भजी हे सगळं वाटच बघत होतं. चारातले दोन किलो तरी सोलापूरचे असतील.

तिकडचं सांगायचं तर तुमचा घोटाळा दुपारचा आहे असं वाटतं. स्टॉलवर कस्टमर सोडून जाता येत नाही म्हणून दुपारी काही नाही, दिवसभर कस्टमरसाठी ठेवलेली चॉकलेटं आणि साखरेची कॉफी, मग रात्री साडेआठला लांडग्यासारखी भूक, त्यावर अर्ध्या अर्ध्या लिटरचे बिअरचे दोन ग्लास. एक ग्लास दोनशे कॅलरीच्या वर, आणि भुकेल्या पोटी बिअर गेली की पुढे काय मागवतो याला धरबंध राहत नाही. सुपरमार्केटमध्ये क्वार्क नावाचा चक्क्यासारखा प्रकार मिळतो, त्यातला बिनस्निग्धांशाचा घ्या, शंभर ग्रॅमला बारा ग्रॅम प्रोटीन आणि सत्तरच्या आत कॅलरी, अडीचशेचा डबा स्टॉलच्या मागे ठेवा आणि दुपारी उभ्या उभ्या संपवा. संध्याकाळी स्टॉल बंद झाला की जेवणाला जायच्या आधी एक फळ, मूठभर फुटाणे.

फ्रँकफर्टची खासियत म्हणजे सफरचंदाची आंबट वाईन, ती तिथले लोकसुद्धा सोडा मिसळून घेतात, एक ग्लास तशी मागा आणि नंतर पाणी. नुसतं पाणी म्हटलं तर गॅसवालं येतं, साधं हवं असेल तर ‘श्टिल’ म्हणायचं. हिरव्या पाल्यांची एक गार चटणीवजा सॉस तिथं बटाट्याबरोबर देतात, त्यात सात पाले असतात, अंडी चालत नसतील तर आधी विचारा, पण तळलेल्या चीजपेक्षा कितीतरी बरं. आणि पार्टनरला सांगा, समोरचा तुझ्या माझ्या ताटाकडे बघत नाही, तो रेट बघतोय.

प्रश्न: लेकीच्या बाळंतपणाला सहा महिने अमेरिकेला चाललेय. मोठ्या लेकीच्या वेळी सात किलो वाढवून आले होते, गुडघे अजून बोलतात. यावेळी काय करू?
— एक आई, बाळीवेस

उत्तर: सहा महिने म्हणजे प्रवास नाही, ते घरच. त्यामुळे तिथं पोचल्याच्या पहिल्या आठवड्यातच चालायची वेळ ठरवून टाका, जावयांना सांगून, कारण तिकडे कोपऱ्यावरच्या दुकानातही गाडीनं जातात आणि तुम्ही विचारलं नाही तर तुम्हालाही नेतील. बर्फ पडला की बाहेर चालता येत नाही, तेव्हा मॉलमध्ये चाला, तिथले वयस्कर लोक सकाळी तेच करतात, लाजायचं कारण नाही. पाकिटावरचा कॅलरीचा आकडा एका सर्व्हिंगचा, म्हणजे एका वेळच्या वाढीचा असतो, अख्ख्या पाकिटाचा नव्हे, आणि बिस्किटाच्या पुड्यात अशी आठ-दहा सर्व्हिंग निघतात.

डिंकाचे लाडू लेकीसाठी करा, मोजून करा, डब्यावर तिचं नाव घाला. चव बघायला म्हणून रोज सकाळी अर्धा तोंडात टाकता ना, मागच्या वेळचे सात किलो बरेचसे त्या अर्ध्यात होते. लेकीला रात्री दूध देताना स्वतःलाही साखर घालून एक कप, तेही तसंच. बाळ रात्री जागवेल, झोप कमी झाली की भूक जास्त लागते, म्हणून दुपारी बाळ झोपलं की तुम्हीही झोपा, भांडी राहू द्यात, तिथं डिशवॉशर आहे. आणि लेकीच्या घरचा काटा पौंडात असेल, १५० बघून दचकू नका, ते ६८ किलो होतात.