विकसनशील देशात गरिबी कशामुळे येते आणि तिचे परिणाम काय होतात?

तुम्ही कारणं वेगळी आणि परिणाम वेगळे विचारलेत, पण मी बीडचा, आईवडील ऊसतोडीला जायचे, त्यामुळे मला हे दोन वेगळे काढताच येत नाहीत.

आमच्याकडं जमीन दोन-तीन एकर कोरडवाहू, कापूस लावायचा, पाऊस आला तर आला. आजारपण नाहीतर पोरीचं लग्न निघालं की पैसा लागतो, बँक दारात उभं करत नाही, मग मुकादमाकडनं, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडनं, उचल म्हणजे आगाऊ पैसे घ्यायचे आणि ऊस तोडायला दिवाळीच्या आसपास सांगली, कोल्हापूर नाहीतर कर्नाटक गाठायचं. कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही बरं का, नवरा-बायकोच्या जोडीलाच कोयता म्हणतात, एकट्याला अर्धा कोयता.

आता हिशोब बघा. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर वाढून टनाला ३६६ रुपये झाला. जोडीनं दिवसाला दोन टन तोडला तर दोघांत मिळून ७३२. एक लाख उचल असेल तर ती फिटायला २७३ टन, म्हणजे साडेचार महिने एकही खाडा नाही, आणि रोजचा किराणा वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, चाऱ्याला विकून निघाला तर निघाला. त्यात कारखाना लवकर बंद झाला की बाकी अंगावर, म्हणजे पुढच्या साली परत जायचंच. लोक मेहनत करत नाहीत म्हणून गरीब राहतात म्हणणाऱ्यांनी एकदा मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रकात चढून बघावं, तेही रात्री.

खाडा पडला की पैसे कापतात, म्हणून बायका पोटात दुखत असलं तरी फडात जातात. कमी वयात गर्भाशय काढलेल्या बायका बीडमध्ये इतक्या निघाल्या की २०१९ ला सरकारला समिती नेमावी लागली.

मी आजीजवळ गावात राहिलो म्हणून शिकलो, आज पुण्यात नोकरी करतो. बहिणीला मात्र कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, नेली कारण धाकट्याला सांभाळायला कोणीतरी पाहिजे, सहावीतच शाळा सुटली, मग वयात आलेली पोर उसाच्या पाल्याच्या कोपीत एकटी कशी सोडायची म्हणून सोळाव्या वर्षी लग्न उरकलं. आता ती आणि दाजी, दोघांचा कोयता. तिची पोरगी तिसरीत आहे, हंगामापुरती तरी माझ्याकडं ठेव म्हणून मागं लागलोय, तर म्हणते, मग बारक्याला कोण बघणार?