जवानांना खाऊ पाठवायचाय, पण पत्ता काय टाकायचा?

प्रश्न : ताई, आमच्या साताऱ्यातल्या स्काऊटच्या पोरांनी खरी कमाई करून, म्हणजे गाड्या धुऊन, आकाशकंदील विकून पैसे जमवलेत, सीमेवरच्या जवानांना पार्सल पाठवायचंय. कंदी पेढे चालतील का?
– एक स्काऊट मास्तर

उत्तर : सर, पोरांना आधी माझ्याकडून शाबासकी द्या! पेढे मात्र नको, पार्सलला किती दिवस लागतील सांगता येत नाही आणि खवा टिकत नाही, त्यापेक्षा शेंगदाण्याची चिक्की, लोकरी मोजे, लिप बाम असं द्या. काडेपेटी, लायटर, सेंट अजिबात नको. पत्त्यात गावाचं नाव नसतं, जवानाचा नंबर, हुद्दा, नाव, युनिट, युनिटचा पिन कोड आणि पुढे ५६ किंवा ९९ एपीओ (म्हणजे लष्कराचं टपाल कार्यालय), एवढंच. ओळखीचा जवान नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा, ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाचा निधीही तिथेच घेतात. आणि जमलं तर पोरांना एकदा अपशिंगे मिलिटरी या गावाला घेऊन जा हो, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण शहीद झाले, तो स्मृतिस्तंभ बघून आल्यावर पोरं जी पत्रं लिहितील ना, ती पार्सलमध्ये सगळ्यात वर ठेवा.